मागचं ऑइल

जागेश्वरने ट्रॅक्टरखाली पाठ टेकून मागच्या एक्सलचा बोल्ट काढला आणि घमेल्यात जे पडलं ते पाहून पान्हा बाजूला आपटला. ऑइल पुन्हा पांढरट झालेलं होतं, जास्त दूध घातलेल्या चहासारखं. वीस दिवसांतली ही तिसरी खेप.

"पाणीच ना?" भुपेंद्रने वरून विचारलं.

जागेश्वर घमेलं ओढत बाहेर सरकला. पहिल्या खेपेला त्याने नुसतं ऑइल बदललं होतं. दुसऱ्या खेपेला दोन्ही चाकं उतरवून नवे सील टाकले, आणि आता एक थेंब जरी आत गेला तर नाव बदलेन, असं चारचौघांत सांगून टाकलं. एकोडी गावात बावीस वर्षं दुरुस्तीचं दुकान चालवणाऱ्या माणसाने असं बोलू नये, पण तो बोलून बसला होता. आता चहाच्या टपरीवर लोक त्याला नवी नावं सुचवत होते.

भुपेंद्र काही आवाज चढवणाऱ्यांतला नव्हता. पण लावणीसाठी वाढवलेले त्याचे भाताचे पऱ्हे पिवळे पडायला आले होते, रोवण्याच्या बायका ठरल्या होत्या, आणि चार बांध्यांची, म्हणजे भातखाचरांची, चिखलणी अजून बाकी होती.

"भाऊ, या खेपेले नाही जमलं तर मी साकोलीले नेतो," तो म्हणाला. "राग नका मानू."

राग मानू नका म्हटल्याने तो थोडाच जातो. आणि जागेश्वरचा राग भुपेंद्रवर नव्हताच, स्वतःच्या हातांवर होता. त्याने चाकं पुन्हा उतरवली. सील धड होते, एक ओरखडा नाही. एक्सलवर आतली हवा ये-जा करायला बोटभर नळी असते, तीही साफ होती. चिखलातूनच पाणी शिरतं म्हणावं, तर गावातले आणखी सहा ट्रॅक्टर त्याच चिखलात चालत होते आणि त्यांचं ऑइल स्वच्छ होतं. ट्रॅक्टर खोल पाण्यात कुठे उतरवतोस का, हे त्याने भुपेंद्रला तीनदा विचारलं. बांधी सोडून कुठेच काम करत नाही, असं भुपेंद्र शपथेवर सांगत होता.

शेवटी नवं ऑइल भरून त्याने ट्रॅक्टर सोडला आणि दुसऱ्या दिवशी दुकान बंद ठेवून स्वतःच बांधावर जाऊन बसला. सकाळभर चिखल उडत होता, एक्सल तापत होता, पण पाणी शिरण्याजोगं काही दिसेना. बारा वाजता भुपेंद्रने ट्रॅक्टर बांधीबाहेर काढला आणि सरळ शेजारच्या बोडीत, त्या लहानशा तलावात, नेऊन उभा केला. एक्सल पार पाण्याखाली गेला. भुपेंद्र खाली उतरून जेवायला निघून गेला.

पाण्यात त्याचे वडील, देवाजी, आधीच धोतर खोचून उभे होते. भाताच्या तणसाचा बोळा घेऊन ते चाकामागचा चिखल हळूहळू चोळू लागले.

जागेश्वरच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. तापलेलं लोखंड गार पाण्यात गेलं की आतली हवा आकसते, आणि नळीचं तोंड पाण्याखाली असलं की हवेच्या जागी पाणी ओढलं जातं. हे रोज दुपारी चाललं होतं. धुणं हे काही काम नव्हे, म्हणून भुपेंद्रला ते सांगण्याचं सुचलंही नव्हतं. दोन वेळा चाकं उतरवली, गावभर हसं झालं, ते यापायी! त्याच्या अंगाचा तिळपापड झाला.

"बाबाजी, हे रोजचं आहे का?"

"मंग? सकाळपासून राबून राहिला. धुवाले नको?"

बैलजोडी विकून ट्रॅक्टर घेतला तेव्हापासून त्यांनी हा नेम एक दिवसही मोडला नव्हता.

"बैल असते तर घातले असते का असे, नांगरावरून सोडल्याबरोबर?" जागेश्वरने विचारलं.

"कायले? घामावर बैल पाण्यात नाही घालत. सावलीत बांधाव, घाम सुकू द्याव, मंग धुवाव."

"मंग याले काहून घातलं?"

देवाजींचा हात थांबला. "याले घाम कुठं येते?"

जागेश्वर पाण्यात उतरून सीटवर चढला. त्याने ट्रॅक्टर दुकानात नेला, ऑइल काढून परत भरलं आणि त्या नळीला रबरी पाइप जोडून तो पार सीटपर्यंत वर घेतला.

दुसऱ्या दिवशी बारा वाजता ट्रॅक्टर बांधीबाहेर आला तेव्हा तो मुद्दाम हजर होता. त्याने देवाजींचा हात धरून एक्सलवर टेकवला. चटका बसून त्यांनी हात झटक्यात मागे घेतला आणि तळव्यावर फुंकर घातली.

"इतका तापते?" ते म्हणाले. "एकदाबी बोलला नाही रे."

त्यांनी ट्रॅक्टर मोहाच्या झाडाच्या सावलीत उभा करायला लावला आणि तणसाचा बोळा मांडीवर ठेवून चाकाशेजारी बसले.

"सापडलं का मंग, भाऊ?" भुपेंद्रने विचारलं. "काय होतं?"

जागेश्वरने एकदा देवाजींकडे पाहिलं. ते मान खाली घालून बसले होते.

"सील," तो म्हणाला. "टाकताना माह्याच हातचं चुकलं."

भुपेंद्रने मान हलवली आणि वडिलांना जेवायला हाक मारली. देवाजींनी उलटा हात एक्सलला लावून पाहिला.

"तुमी व्हा पुढं," ते म्हणाले. "याचा घाम सुकू द्या."