मावशीचं टक्कल

आमच्या सलूनमध्ये तीन खुर्च्या, दोन आरसे आणि एक मावशी आहे. मावशी म्हणजे टॅरँटुला. तळहाताएवढी, तपकिरी, केसाळ कोळीण. ती दादाची, म्हणजे माझ्या मोठ्या भावाची. दादाला लोकांची डोकी भादरायची नव्हती. त्यावरून बाबांशी कडाक्याचं भांडण करून तो लांबच्या शहरात नोकरीला गेला. जाताना काचेची पेटी माझ्या हातात देऊन म्हणाला, "महिनाभर सांभाळ, मग नेतो." या जातीच्या माद्या वीस-वीस वर्षं जगतात, हे मला नंतर कळलं. दादाचा महिना अजून चालू आहे.

आईने स्पष्ट सांगितलं, "या घरात एक तर ती राहील, नाहीतर मी." बाबांनी विचार करायला जरा वेळ घेतला, त्याचा राग ती अजून काढते. तर मावशी सलूनमध्ये आली, पावडरच्या डब्यांशेजारच्या फळीवर.

ती चावत वगैरे नाही. राग आला की मागच्या पायांनी स्वतःचंच बूड खसाखसा घासते आणि तिथले बारीक केस हवेत उडवते. ते डोळ्यांना दिसत नाहीत, पण त्यांना मासे धरायच्या गळासारखे काटे असतात. कातडीत रुतले की आठवडाभर आग. आमच्या घरातली माणसं जे तोंडाने करतात, ते ती बुडाने करते, एवढाच फरक. उडवून उडवून तिच्या पार्श्वभागावर टक्कल पडलं. आणि टक्कल बाबांच्याने बघवत नाही.

त्यांनी धंद्यातला उपाय केला. गिऱ्हाइकाच्या मानेवरचे केस झटकायचा मऊ ब्रश घेऊन ते रोज सकाळी मावशीला हलक्या हाताने झाडू लागले. "रक्त खेळतं राहिलं की केस येतात," असं त्यांचं मत. मग तोच ब्रश पावडरीत बुडवून गिऱ्हाइकांच्या मानेवर. गिऱ्हाइकं खाजवत घरी जायची. एकानेही तक्रार केली नाही. केस कापल्यावर मान खाजायचीच, आमच्या धंद्यात असलं पाप आपोआप पचतं.

पचलं नाही ते फक्त बाबांच्या डोळ्याला. उजवा डोळा लालभडक झाला.

डॉक्टरीणबाईंनी यंत्रातून बराच वेळ पाहिलं. "आत केस आहेत. कुणाचे?"

"मावशीचे," बाबा म्हणाले.

मी पुढचं समजावून सांगितलं. बाईंनी पेन खाली ठेवलं. "हे बुबुळात रुतलेत. सगळे काढता येणार नाहीत. औषध घाला, चोळू नका. आणखी गेले तर या डोळ्याने दिसायचं बंद होईल. तो प्राणी आजच्या आज बाहेर काढा."

रिक्षात बाबांनी डोळ्यावर रुमाल धरला. मग म्हणाले, "ती गेली तर तो विचारणार कशाबद्दल?"

तो म्हणजे दादा. दादा दर रविवारी सकाळी फोन करतो. सलूनमध्ये तेव्हा पाय ठेवायला जागा नसते, त्यामुळे फोन लांबत नाही. बाबा फेस लावलेलं गिऱ्हाईक तसंच सोडून हात पुसतात.

"मावशी कशी आहे?"

"बरी आहे. झुरळ खाल्लं."

"पाणी?"

"ठेवलं."

"बरं."

भांडणानंतर बापलेकात एवढंच बोलणं उरलंय. त्या बोलण्याला आठ पाय आहेत.

मी ब्रश फेकून दिला. बाबांना पोहायचा गॉगल आणला, स्वतः हातमोजे घातले. हातावरचे तिचे केस चिकटपट्टी लावून उपटायला शिकलो. पण मी चहाला गेलो की बाबा पेटीचं झाकण उघडायचे. "तिला माझी सवय आहे," म्हणायचे. धार लावलेला वस्तरा एका डोळ्याने चालवायचे, आणि नेहमी येणाऱ्या बँकवाल्या काकांचे दोन्ही कल्ले आता वेगवेगळ्या मजल्यांवर होते. काका म्हणाले, "चालेल रे. समोरून बघतंय कोण मला?"

शेवटी मी दादाला चोरून फोन केला. तुझी मावशी घेऊन जा, बाबांचा डोळा जातोय, असं सांगितलं.

"अरे बापरे," दादा म्हणाला. "मग देऊन टाक ना कुणालाही."

"कुणालाही?"

"मला कुठे हवीय? इथे खोलीत माझंच मावत नाही. बाबांना काय विचारायचं, म्हणून तिचं विचारतो."

"मग हे रविवारी तूच त्यांना सांग. माझं ऐकत नाहीत."

"सांगतो. बरं झालं, एक काळजी मिटली."

रविवारी बाबांनी फोन आरशापुढे कंगव्यांच्या बरणीला टेकवून ठेवला. दुकान भरलं, रिकामं झालं. फोन वाजला नाही.

"रेंज नसेल," बाबा म्हणाले. त्याच फोनवर आईने कोथिंबीर आणायला सांगितली, तरी म्हणाले.

पुढच्या रविवारीही वाजला नाही. मी दादाला लावला, त्याने उचलला नाही. मग मेसेज आला: "मीटिंगमध्ये आहे. दिली ना तिला?" मी उत्तर दिलं नाही. दिली म्हटलं तर विचारायला काही उरत नव्हतं. नाही म्हटलं तर आता त्याला ते विचारायचंच नव्हतं. बाबांनाही मी काही सांगितलं नाही. काय सांगणार? तुमच्या डोळ्याचं निमित्त करून तो फोनमधून मोकळा झाला?

आणि मग मावशीने कात टाकली. जुनं कातडं हातमोज्यासारखं बाजूला पडलेलं, आणि शेजारी ती: नवी, काळीभोर, बुडावर मखमलीसारखे घनदाट केस. म्हणजे सगळा दारूगोळा भरून तयार.

"टक्कल गेलं!" बाबा ओरडले. खुर्चीतल्या काकांनी आशेने स्वतःच्या डोक्यावरून हात फिरवला. "बघ, मी म्हणत नव्हतो? हे त्याला दाखवायला पाहिजे. फोटो पाठवला की लगेच करेल फोन."

"मी काढतो फोटो, बाबा. तुम्ही मागे व्हा."

"तुला कोन कळत नाही."

मी काकांच्या गळ्यातलं कापड सोडवेपर्यंत त्यांनी झाकण बाजूला केलं होतं. एका हातात फोन. दोनदा डोळे बारीक केले, मान लांब केली.

"यातून काही नीट दिसत नाही," असं म्हणून त्यांनी गॉगल काढला आणि पेटीवर वाकले.

मावशीने मागचा पाय उचलला.