करड्या मशीनच्या पोटात

ताईंचं काम सांगायला सोपं होतं, पण सांगायची बंदी होती. व्हॅक्यूम क्लीनरच्या कारखान्यात शेवटच्या टेबलावर बसून त्या तयार मशीनवर नावाची पट्टी चिकटवायच्या. लाल मशीन आलं की एका कंपनीचं दिमाखदार नाव, करडं आलं की दुसऱ्या कंपनीचं साधंसुधं. आतला माल एकच. हे बाहेर बोलायचं नाही, असं त्यांना पहिल्याच दिवशी बजावलं होतं.

त्यामुळे घरातली गंमत त्यांना गिळून टाकावी लागायची. थोरल्या भावजयीनं लाल मशीन घेतलं, धाकटीनं करडं. "चांगली वस्तू ती चांगलीच," असं थोरली नाक वर करून म्हणायची. "नाव काय चाटायचंय?" असं धाकटी फटकारायची. दर भेटीत दोघींची जुंपायची आणि ताई चहाच्या कपाआड हसू दाबत बसायच्या.

ते हसू त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत आटलं. सुपरवायझरनं सगळ्यांना एकत्र बोलावलं. लाल मशीनमध्ये वायर ज्या चाकावर गुंडाळली जाते, तिथे ती तापून वितळत होती. कुणाच्या तरी घरात पडद्यानं पेट घेतला होता. लाल नाववाल्या कंपनीनं विकलेली सगळी मशीन परत मागवली होती.

"आणि करडी?" ताईंनी विचारलं.

"त्यांचा अजून विचार चाललाय. तोवर कुणी बाहेर ब्र काढला, तर उद्यापासून घरी बसायचं."

ताईंच्या नवऱ्याची नोकरी सुटल्यापासून घर त्यांच्या एकटीच्या पगारावर चाललं होतं. घरी बसणं त्यांना परवडणारं नव्हतं, आणि हे सुपरवायझरलाही चांगलं ठाऊक होतं.

तेवढ्यात फोन वाजला. धाकटी होती, आनंदानं नुसती फुटायची बाकी होती.

"ताई, ऐकलंत का? मोठ्या जाऊबाईंचं लाल परत चाललंय! आणि माझं बघा, मघापासून चालू आहे, कुरकुर नाही की काही नाही."

मागे घरघर ऐकू येत होती.

"मघापासून? एवढं काय झाडतेयस?"

"झाडतेय कुठली! बाळाला त्या आवाजात मस्त झोप लागते. पाळण्याशेजारी लावून ठेवते आणि माझी कामं उरकते."

"बंद कर ते. आत्ताच्या आत्ता."

"का हो?"

पलीकडच्या टेबलाशी सुपरवायझर हात पुसत उभा होता. ताईंनी आवाज खाली आणला. "अगं... विजेचं बिल येतं."

"तुम्ही पण ना!" धाकटी हसली आणि तिनं फोन ठेवून दिला. नंतर ताईंनी कितीदा लावला, नुसतीच रिंग जात राहिली.

पोटात दुखतंय असं सांगून त्या निघाल्या. ते काही अगदीच खोटं नव्हतं. बसमध्ये बसायला जागा असून त्या दाराशीच उभ्या राहिल्या. सावकाश उतरणाऱ्या प्रत्येक माणसाचा त्यांना राग येत होता, आणि सगळ्यात जास्त स्वतःचा. बिल येतं म्हणे! तोंडातून निघून निघून हेच निघालं.

जिना चढतानाच घरघर कानावर आली. धाकटीनं साबणाच्या हातांनी दार उघडलं. तिला बाजूला सारून ताई थेट पाळण्यापाशी गेल्या आणि त्यांनी प्लग उपटला. वायरीला हात लावला, तर चटका बसला. बाळ दचकून उठलं आणि त्यानं भोकाड पसरलं.

"हे काय, ताई! आत्ता कुठे झोपलं होतं." मग धाकटीचे डोळे बारीक झाले. "जाऊबाईंनी पाठवलं ना? त्यांचं गेलं, आता माझं बघवत नाही त्यांना."

"स्क्रू ड्रायव्हर आण," ताई म्हणाल्या.

झाकण निघालं. करड्या मशीनच्या पोटातलं चाक लालभडक होतं, थेट थोरलीच्या मशीनचं लाल. दोन्हींसाठी एकाच प्लास्टिकची चाकं बनत. एका कडेला वायरीचं आवरण वितळून त्या चाकाला चिकटलं होतं.

धाकटीनं बाळाला छातीशी घट्ट धरलं. "म्हणजे हे... त्यांचंच?"

"दोन्ही एकच. पहिल्यापासून. पण मी सांगितलं असं कुठे बोलू नकोस बाई, माझी नोकरी जाईल."

धाकटी मान हलवता हलवता थांबली. "ताई, खालच्या मजल्यावरच्या शिक्षिकेनं माझं बघून तसलंच करडं घेतलंय. वडील अंथरुणाला खिळलेत त्यांचे."

तिनं लगेच फोन लावला आणि स्पीकर चालू केला. "बाई, ते करडं मशीन लावू नका हं. धोका आहे."

"काहीतरीच! परत मागवलंय ते लाल. मी स्वतः वाचलंय. तुम्हाला कुणी सांगितलं?"

धाकटीनं फोनवर तळहात दाबून ताईंकडे पाहिलं. "असंच कळलं म्हणते," ती पुटपुटली.

असंच कळलेलं कोण मनावर घेतं? मघाशी हिनं तरी कुठे घेतलं होतं? शिक्षिका पलीकडून "हॅलो, हॅलो" करत होती आणि तिच्या आवाजामागे घरघर चालली होती.

ताईंनी फोन हातात घेतला.

"मी त्या कारखान्यात कामाला आहे," त्या म्हणाल्या. "तुमच्या मशीनवरचं नाव मीच चिकटवलंय. आधी प्लग काढा. मग खुशाल माझं नाव कंपनीला कळवा."

पलीकडे घरघर थांबली.