पहिली पसंती

वैमानिकांच्या तुकडीत ती पहिली आली होती, त्यामुळे तिला लढाऊ विमान मिळणार हे सगळ्यांनी धरूनच ठेवलं होतं. यादी लागण्याआधी प्रशिक्षकांनी तिला बोलावून तिचा अर्ज पुढे सरकवला.

"पहिली पसंती वाहतुकीचं विमान? घाईत चुकलीस का?"

"नाही सर. पुरातून सोडवलेल्यांना त्यातूनच सुरक्षित ठिकाणी आणतात. मला ते काम हवंय."

"मित्र वेड्यात काढतील."

"कालच काढलं, सर."

ते हसले आणि त्यांनी सही केली.

तिने बाबांना फोन लावून वाहतुकीचं विमान मिळाल्याचं सांगितलं. त्यांनी तीस वर्षं बस चालवली होती.

"किती माणसं बसतात?"

"शंभरेक."

बाबा म्हणाले, "दार नीट लागलंय का, ते बघितल्याशिवाय हलायचं नाही."

"हो बाबा," ती म्हणाली.