एकशे बारावा पेशंट

सर्जन होण्याचं शिक्षण वर्षभर थांबवून मृणाली आफ्रिकेत मलावीला निघाली, तेव्हा पेणजवळच्या तिच्या खाडीकाठच्या गावात ते कोणालाच पटलं नाही. "पेनात काय आजारी मानसं मिळत नाय?" हौसाकाकी म्हणाली. पगार नाही, नुसतं राहणं-जेवण, हे कळल्यावर तर तिने कपाळाला हात लावला. आईवडील लवकर गेल्यावर मृणालीला याच काकाकाकींनी वाढवलं होतं, त्यामुळे बोलायचा पहिला हक्क काकीचाच होता.

वर्षाने मृणाली परतली. वडखळच्या नाक्यावर हिरामणकाका रिक्षा घेऊन उभे होते. चाळीस वर्षं मिठागरात पाट्या वाहिलेला माणूस. पण तिची बॅग उचलताना त्यांनी डावा हात हळूच जांघेवर दाबला.

"काका, किती वर्षं झाली?"

"कसली?"

"हर्नियाला."

काका रिक्षावाल्याला रस्ता सांगू लागले. रिक्षावाला त्यांच्याच आळीतला होता.

घरी काकीनेच फोडलं. "सात वर्षं, गो. लुंगीत लपवतान. सगल्या मिठागराला म्हाईत हाय."

"मग मला का नाय सांगितलंत?"

"तू शिकत होतीस ना," काका म्हणाले. "म्हटला, आधी तिकडच्या लोकांवर हात बसू दे."

दोघं हसली. मृणालीला मात्र ते लागलं.

"ती माणसं माझा हात बसवायला नव्हती, काका. दोन-दोन दिवस चालत यायची. पहिल्या चाळीस ऑपरेशनांना तिथले मोठे सर्जन माझ्या शेजारून हलले नाहीत. मग कुठे मला एकटीला करू दिलं."

"चुकला माझा," काका म्हणाले. "खरा सांगू? भ्यालो व्हतो."

मृणालीची महिन्याची सुट्टी उरली होती. तिच्याच कॉलेजातून आधी सर्जन होऊन गेलेल्या डॉक्टर ऋतुजा रोह्याच्या एका छोट्या हॉस्पिटलात होत्या. तिथे ती मदतीला जाऊ लागली आणि काकांनाही तिथेच नेलं. ऑपरेशन डॉक्टर ऋतुजा करणार, मृणाली नुसती हाताखाली राहणार, असं ठरलं. घरच्या माणसावर सुरी धरायची तिचीही तयारी नव्हती.

ऑपरेशनच्या टेबलावर काका कमरेखाली बधिर होते. कमरेच्या वर मात्र चांगले जागे होते. छातीपाशी हिरवा पडदा लावल्याबरोबर पलीकडून आवाज आला.

"डॉक्टरबाई, हिनी तिकडं ह्ये किती केलं?"

"एकशे अकरा," ऋतुजा म्हणाल्या.

"मंग माझा तिलाच करू द्या. तुमी शेजारशी हलू नका, म्हंजे झाला."

मृणालीचा हात थांबला. ऋतुजांनी तिच्याकडे पाहिलं.

"मला भीती वाटते," ती हळूच म्हणाली.

"मला काय कमी वाटते?" पडद्याआडून काका म्हणाले. "चल, लाग कामाला."

ऋतुजा तिच्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या. मृणालीने चीर घेतली, बाहेर आलेलं आतडं जागेवर सारलं, जाळी बसवून टाके घालू लागली. कुठल्या टाक्याला कोण जाणे, पडद्यापलीकडे घोरणं सुरू झालं. मग तिचे खांदे जरा सैल झाले.

जखम सुरेख भरली. दीड महिना वजन उचलायचं नाही, असं बजावून काकांना घरी सोडलं. काकीने बजावणीत पाण्याची कळशी, भाताचं पोतं आणि मोटारसायकल यांची आपल्या मनाने भर घातली. काका दिवसभर ओटीवर बसून येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचे, "आपला नंबर एकशे बारा. झोपेत झाला." हळू आवाजात, इकडेतिकडे बघून, पण सगळ्यांनाच.

पुढच्या सोमवारी मृणाली रोह्याच्या एसटीत बसली. तिच्यामागून मिठागरातला मोरू चढला. धुतलेला सदरा, एका हातात पिशवी, दुसरा हळूच जांघेवर दाबलेला.

"रोह्याला, मोरूकाका?"

"छे. रोह्याच्या अलीकडं, अष्टमीला काम हाय जरा."

कसलं काम ते तिने विचारलं नाही. खिडकीकडे सरकून तिने त्याला जागा दिली.