शिंक्यावरचा लोटा

मुलांनो, डोळे मिटा आणि चामोर्शीजवळचं एक खेडं मनात आणा. साल एकोणीसशे चोपन्न, महिना वैशाखाचा. धानाच्या बांध्या भेगाळल्या आहेत आणि तुमची जीभ टाळूला चिकटली आहे. पाणी हाताच्या अंतरावर आहे, पण कोणी ते देत नाही.

वच्छलाच्या बापाची, लटारूची, अशीच गत झाली होती.

चांद्याच्या दवाखान्यात त्याचं मूतखड्याचं ऑपरेशन झालं. खडा निघाला बोराच्या आठोळीएवढा. वेळेवर आणलं, आत पू झाला नव्हता, म्हणून निभावलं, असं डॉक्टर म्हणाले. आई नसलेली दहा वर्षांची वच्छला बापापाशी बसून असायची. घरी सोडताना डॉक्टरांनी तिलाच जवळ बोलावलं. "माझं काम झालं, पोरी. उरलेलं काम पाण्याचं. दिवसाला दहा लोटे. तहान नसली तरी पाज."

बैलगाडीत बसून सगळी वाट तिने तेच घोकलं.

घरी रुखमाबाई आत्या होती. लटारूला तिनेच लहानाचा मोठा केला होता. बाळंतीण असो की कुऱ्हाडीचा घाव झालेला माणूस, त्याचं पाणी तोडायचं, नाहीतर घाव पिकतो, ही तिची पक्की समजूत. वच्छलाने डॉक्टरांचा निरोप सांगितला, तेव्हा आत्या हसली.

"मोठी डाक्टरीन झाली वं तू! कच्चा घाव हाये. पानी पाजशील तं बाप हातचा जाईल."

शेजारच्या बायांनीही माना डोलावल्या. लटारू बहिणीच्या शब्दाबाहेर नव्हता. दिवसाला दोन घोट मिळायचे, तेवढ्यावर तो ओठ चाटत पडून राही. एका दुपारी वच्छलाने चोरून लोटा त्याच्या तोंडाला लावला. आत्याने पाहिलं आणि लोटा उचलून शिंक्यावर ठेवला. वच्छलाचा हात तिथवर पुरत नव्हता. पाणी पाजून बाप खरंच गेला तर, या भीतीने तिने पुन्हा लोटा मागितला नाही.

पाचव्या दिवशी लघवी लाल झाली, मग थांबलीच. ताप चढला. नवव्या दिवशी चांद्याला न्यायला गाडी जुंपली, तोवर लटारूची शुद्ध हरपली होती. आता नेण्यात अर्थ नाही म्हणत जाणत्यांनी गाडीचे बैल सोडायला सांगितले.

मग आत्याने स्वतःच्या हाताने शिंक्यावरचा लोटा काढला, काठोकाठ भरला, त्यात तुळशीचं पान टाकलं. जाणाऱ्याच्या तोंडात शेवटचं पाणी घालायला सारं घर रांगेत उभं राहिलं. कोणाचीच ना नव्हती. नऊ दिवस ज्यांनी थेंब मोजले, ते आता रडत रडत चमचा पुढे करत होते.

"घाल माय, बापाले पानी घाल," आत्या म्हणाली.

वच्छलाने चमचा खाली ठेवला. बापाचं डोकं मांडीवर घेतलं आणि आख्खा लोटा त्याच्या ओठांना लावला.