हरणीची हाक

त्या वर्षी राजवीरचं गाणं कुठं वाजत नव्हतं? हळदीत वाजलं, वरातीत वाजलं, पार गडहिंग्लजच्या बाजारात मोबाईलच्या दुकानांतून वाजलं. त्यात शब्द असे नव्हतेच. राजवीरनं कॉम्प्युटरवर बसवलेला ठेका, आणि मधेच सगळं थांबून येणारी एका बाईची लांबलचक हाक, "ये गं हरण्ये... य्ये!" हाक संपून ठेका पुन्हा कोसळला की माणसं बेभान नाचायची.

ती हाक होती शेजारच्या चिमणाबाईंची. सगळी गल्ली त्यांना आक्का म्हणायची. हरणी ही त्यांची लाडकी म्हैस. पंचगंगेत कितीही म्हशी डुंबत असोत, आक्कांनी हाक घातली की हरणी एकटी पाण्यातून बाहेर येई. राजवीरनं ती हाक माडीवरून मोबाईलवर टिपली होती, न विचारता. सवडीनं सांगू म्हणता म्हणता गाणं गाजलं, मग तर सांगायला तोंडच उरलं नाही. गल्लीत मात्र तो ते वाजू देत नसे. तेवढं एक त्यानं सांभाळलं होतं.

दिवाळीच्या पाडव्याला कोल्हापुरात म्हशी सजतात. शिंगं रंगवायची, मोरपिसं बांधायची, आणि मग भर गर्दीत मालकानं लांबून हाक घालायची. म्हैस धावत आली की मालकाची मान ताठ. आक्का गेली कित्येक वर्षं हरणीला अशी बोलावत होत्या. यंदा मंडळाच्या पोरांनी डॉल्बी लावली होती आणि राजवीरला हार घालून पुढं बसवलं होतं.

"दादा, तुमचं गाणं लावू का?" केरबानं विचारलं. तो डॉल्बीवर होता.

नाही म्हणायला हवं होतं. पण गळ्यात हार होता, पोरी मोबाईल उंचावून उभ्या होत्या. राजवीरनं मान डोलावली.

तिकडं आक्कांनी हाक घातली. हरणी निघाली, चांगली चौखूर निघाली, आणि तेवढ्यात स्पीकरमधून तीच हाक दसपट मोठी आली. हरणी थबकली. वळली. सरळ स्पीकरच्या भिंतीपाशी जाऊन तिनं कपाळ टेकवलं आणि हंबरू लागली.

लोक हसले. "आक्का, म्हस डीजेला दिली की वो!"

आक्का हाका मारत राहिल्या. हरणी हलेना. शेवटी त्या स्वतः गेल्या, दावं धरलं आणि विचारलं, "ह्यात कोण बोलतंय रं?"

"तुमीच की, आक्का! राजवीरदादाचं गाणं हाय!"

"मी? मी तर हितं हाय."

त्यांनी राजवीरकडं पाहिलं. राजवीरनं मान खाली घातली आणि हार काढायचा प्रयत्न केला, तर तो कॉलरीत अडकला.

संध्याकाळी तो गोठ्यात गेला. हरणी पान्हा सोडत नव्हती. आक्का कासेला पाणी लावत बसल्या होत्या.

"आक्का, चुकलं माझं. विचारायला पायजे होतं."

"विचारलं असतंस तर न्हाय म्हणाले असते व्हय? उलट हाक बरी घातली असती." त्यांनी मान वर केली नाही. "माझं जाऊ दे. हिला काय सांगू? आता हाक घातली की ही माझ्याकडं बघतच न्हाय, रस्त्याकडं बघतीया."

"गाणं काढून टाकतो. आत्ताच."

"समद्यांच्या फोनातनं काढशील?"

लांब कुठंतरी फटाके वाजत होते.

आक्का उठल्या, हात पुसले, हरणीच्या गळ्याखाली खाजवलं. "आता नवी हाक शिकवाय पायजे हिला. म्हातारपणी दोघींलाबी."

"मी काय करू, आक्का?"

"तू भाईर जा. तुझ्या कानावर पडायला नको ती."

त्या रागानं बोलल्या असत्या तर बरं झालं असतं. एखाद्या लेकराला उन्हातून सावलीत जा म्हणावं, तसं त्या म्हणाल्या. राजवीर बाहेर आला, गल्लीच्या टोकापर्यंत चालत गेला, तरी पाठीमागं नव्या हाकेसाठी आक्कांचा आवाज चढू लागला.

त्यानं दोन्ही कानांत बोटं घातली आणि भिंतीकडं तोंड करून तो उभा राहिला.