मिनिटाला छत्तीस श्वास

मंगळवार, १८ नोव्हेंबर १९५८. सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी पंचगंगा घाटाकडून शहरात येणाऱ्या चढावर एक टांगा थांबला. घोडी पडली नव्हती, अडूनही बसली नव्हती. चारही पाय रोवून, मान लांब करून ती उभी होती. नाकपुड्या फुलल्या होत्या आणि श्वास सोडताना तिची कूस दर वेळी दोनदा आत ओढली जात होती.

टांगेवाला आकाराम खाडे खाली उतरला. मागे नदीवरून आंघोळ करून परतणारे एक गृहस्थ बसले होते.

"पावणं, उतरा जरा."

"अर्ध्या वाटेत? पैसं निम्मंच देणार बघ."

"देऊ नगासा. उतरा तेवढं."

गृहस्थ पुटपुटत चालू लागले. आकारामने घोडी सोडली आणि रिकामा टांगा स्वतः ओढत चढ पार केला. घोडी मागून सावकाश येत होती.

आकारामचं वय अठ्ठावन्न. त्यातली सत्तावीस वर्षं त्याने एका जहागीरदारांच्या पागेत काढली होती. १९४९ साली पागा बंद झाली, बाकीचे घोडे विकले गेले. तेव्हा पाच वर्षांची असलेली ही घोडी, शेवंती, मात्र जहागीरदारांनी आकारामला दिली, कारण ती त्याच्याच हातात जन्मली होती. तेव्हापासून ती टांग्याला होती. या पावसाळ्यानंतर तिला खोकला लागला आणि दिवाळीपर्यंत धाप.

टांग्यांच्या घोड्यांची वार्षिक तपासणी, ज्याला टांगेवाले पासिंग म्हणत, १२ डिसेंबरला होती. नापास झालेल्या घोड्याला टांग्याला जुंपता येत नसे. वीटभट्टीचा एक ठेकेदार दोनदा येऊन शेवंतीला बघून गेला होता. भट्टीवर गेलेलं धापेचं घोडं दुसरा पावसाळा बघत नाही, हे आकारामला माहीत होतं.

बुधवारी तो तिला जनावरांच्या दवाखान्यात घेऊन गेला. डॉक्टर नृसिंह गोरंबेकर एकतीस वर्षांचे होते, मुंबईला परळच्या पशुवैद्यक कॉलेजात शिकलेले. त्यांनी ताप बघितला. नव्हता. छातीला नळी लावून बराच वेळ ऐकलं. मग घड्याळ धरून श्वास मोजले. मिनिटाला छत्तीस. निरोगी घोडा उभ्या उभ्या बारा-चौदा घेतो.

"मामा, हा दमा आहे. माणसाला होतो तसाच. श्वासाच्या नळ्यांना आतून सूज येते, वाट अरुंद होते."

"मग गेली म्हणा की."

"तसं म्हणत नाही. माणसांच्या दम्याला दोन-तीन वर्षांपासून एक औषध देतात. प्रेडनिसोलोन. सूज उतरवतं. मुंबईला रेसच्या घोड्यांकडे माझा एक मित्र आहे, त्याने सहा बाटल्या पाठवल्यात. मी घोड्यावर अजून वापरलेलं नाही. खरं ते सांगतो."

"सुई माझ्या हाताला टोचणार हाईसा का?"

"नाही."

"मग मला कशाला विचारताय? तिला टोचा."

डॉक्टरांनी मानेत इंजेक्शन दिलं. या औषधाने काही घोड्यांच्या टापा तापतात आणि पाय जातात, असं मित्राने पत्रात बजावलं होतं. म्हणून रोज टापांना हात लावून बघायला त्यांनी आकारामला सांगितलं. श्वास मोजायला आपलं जुनं मनगटी घड्याळ दिलं. आकारामला घड्याळातलं कळत नव्हतं, त्याची बायको चिमणाबाई हिलाही. पण बारीक काट्याची एक फेरी म्हणजे एक मिनिट, एवढं तिने लक्षात ठेवलं. कूस हलली की ती ताटलीत जोंधळ्याचा एक दाणा टाकी, फेरी झाली की दाण्यांची पुडी बांधी. डॉक्टर पुड्या सोडून मोजत.

शनिवारच्या पुडीत वीस दाणे निघाले. शेवंती खाऊ लागली. चिमणाबाईने देवीची ओटी भरली. पण मंगळवारी, इंजेक्शनच्या सहाव्या दिवशी, दाणे तीस झाले. दुसरं इंजेक्शन. शुक्रवारी पुन्हा वीस. सोमवारी, १ डिसेंबरला, बत्तीस. तिसरं इंजेक्शन. टापा थंड होत्या. औषध काम करत होतं आणि टिकत नव्हतं.

डॉक्टरांना त्याचं कारण सापडेना. २ डिसेंबरला सकाळी सात वाजता ते न सांगता आकारामच्या घरी गेले.

तबेल्याचं दार बंद होतं. खिडकीत पोती कोंबली होती. आत आकाराम दाताळ्याने भाताचं पिंजर उधळून खालचं वर करत होता. पागेत रोज असंच होई. बिछाना हातभर जाड हवा, फुललेला हवा, आणि कडेला पिंजराची वेणी घातलेली हवी. वेणी सुरेख झाली होती. एका फुटक्या कौलातून उन्हाची तिरीप येत होती आणि तिच्यात धूळ पिठाच्या गिरणीसारखी उडत होती. अंगावर झूल घेतलेली शेवंती त्या धुळीत उभी होती. तिच्या तोंडाला कोरड्या भुश्शाचा तोबरा बांधला होता.

डॉक्टर बोलायला गेले आणि त्यांनाच ढास लागली. ते बाहेर येऊन बसले.

"रोज करता हे?"

"रोज. एक दीस चुकल्याला न्हाय."

"आणि पोती?"

"वारं लागू ने म्हणून. धापंच्या घोडीला वारं इख असतंय."

"मामा, वारं नाही, ही धूळ विष आहे. मी सुईनं सूज उतरवतो आणि तुम्ही रोज सकाळी ती परत चढवता."

आकारामने दाताळं भिंतीला लावलं. "डाक्टरसाहेब, सत्तावीस वर्सं मी असाच बिछाना केला. लाट सायब बघून गेलाता पागा. एक घोडं माझ्या हातनं मेलं न्हाय."

चिमणाबाई पाण्याची घागर उतरवत होती. ती मान वर न करता म्हणाली, "मेली न्हाईत. पर खोकत हुती की."

"गप ए."

"का गप? पावसाळा सरला की निम्मी पागा खोकायची. मला घरात ऐकू यायचं. तुमी म्हणायचासा, शिळं पाणी बाधलंय."

आकाराम शेवंतीच्या कुशीकडे बघत राहिला. मग त्याने तोबरा सोडला आणि तिला बाहेर आणून अंगणातल्या चिंचेला बांधलं.

त्या दिवसापासून कडबा तासभर हौदात भिजवूनच तिच्यापुढे जाऊ लागला. भुस्सा ओला करून घमेल्यात. पिंजर बंद. समोरच राहणारा जोतीराम, तोही टांगेवाला, येता-जाता थांबू लागला.

"आकारामा, म्हातारीला घरातनं हाकललीस व्हय?"

"तुज्या म्हातारीनं तुला हाकलल्यालं बघितलंय मी."

"आन् कडबा धुतूयास? साबण लाव की वाईच."

रात्री थंडी पडली तेव्हा आकाराम दोनदा उठून आत-बाहेर करत होता. चिमणाबाई अंथरुणातून म्हणाली, "तिला झूल हाय. थंडी तुमास्नी वाजतीया. निजा."

प्रश्न सहाव्या दिवसाचा होता. आधी दोन्ही वेळा श्वास तेव्हाच चढला होता. रविवारी, ७ डिसेंबरला, डॉक्टर चौथी बाटली बरोबर घेऊन आले. पुडीत एकोणीस दाणे होते. त्यांनी पुन्हा मोजले, मग स्वतः घोडीजवळ उभं राहून श्वास मोजले. एकोणीस.

"सुई?" आकारामने विचारलं.

"आज नको."

"उद्या?"

"उद्याचं उद्या बघू."

सोमवारी अठरा. बुधवारी सोळा. बाटली उघडावी लागली नाही.

शुक्रवारी, १२ डिसेंबरला, पासिंगच्या मैदानावर चाळीसएक टांगे होते. तपासणी अधिकाऱ्याने शेवंतीला दोन फेऱ्या दुडक्या चालीने पळवायला लावलं. ती दोनदा खोकली. दहा मिनिटं उभी केल्यावर तिचा श्वास बावीसवर आला. अधिकाऱ्याने गोरंबेकरांची चिठ्ठी वाचली, घोडीची कूस पाहिली, पुन्हा चिठ्ठी वाचली. पास लिहिलं नाही, नापासही लिहिलं नाही. ९ जानेवारीला फेरतपासणी, तोवर सपाट रस्त्यावर आणि अर्धा दिवसच काम, असा शेरा त्याने मारला.

"पर नापास न्हाय न्हवं?" आकारामने कारकुनाला विचारलं.

"नाही म्हटलं ना. पुढचा टांगा."

त्या संध्याकाळी वीटभट्टीचा ठेकेदार आला. आकारामने त्याला चहा पाजला आणि वाटेला लावला.

पुढच्या आठवड्यात त्याने तबेल्याच्या मागच्या भिंतीला पहार लावली. दोन हात रुंद भगदाड पाडलं आणि समोरासमोर वारं खेळेल अशी खिडकी बसवायला सुतार बोलावला. जमीन खरवडून साफ केली. पावसाळ्यात शेवंतीला आत घ्यावंच लागणार आहे, आणि तेव्हा काय होईल ते डॉक्टरही सांगू शकत नाहीत. जोतीरामच्या घोड्यालाही खोकला आहे. कडबा किती वेळ भिजवायचा, हे त्याने चिमणाबाईला विचारलं. आकारामला विचारलं नाही.

रविवार, २१ डिसेंबरला शेवंतीचा श्वास मिनिटाला चौदा होता. सोमवारी सकाळी, स्टेशनच्या दोन फेऱ्या करून आल्यावर, तो सोळा भरला. फेरतपासणीला अठरा दिवस आहेत.